गळ्याच्या पकडी बंद करून काय साधणार?

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांत गेल्या आठवड्यात एका सद्गृहस्थांचे पत्र आले. तालुक्याच्या गावांतून ज्युदो, जुजुत्सू, मिक्स्ड मार्शल आर्ट्स असल्या पाट्या लावून 'गळे आवळायचे आणि हातपाय मोडायचे' वर्ग निघाले आहेत, ते बंद करावेत आणि पोरांना पुन्हा आपल्या सात्त्विक लाल मातीत उतरवावे, असे त्यांचे म्हणणे. निमित्त झाले आमच्या भागातल्या दोन शाळकरी पोरांचे. मोबाईलवर बघून गच्चीवर एकाने दुसऱ्याच्या गळ्याला मागून हात घातला. खालचा बेशुद्ध पडला, वरचा घाबरून पळाला. पोरगा शुद्धीवर आला, आता शाळेतही जातो. पण त्या दिवशी त्याच्या आईचे काय झाले असेल, ते सांगायला नको.

पत्रलेखकांची काळजी मला शंभर टक्के मान्य आहे. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र उलटा बसणारा आहे, म्हणून हे लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला कल्पना आहे. कात्री लावावीच लागली तर इतिहासाला लावा. थाप देण्याबद्दल, म्हणजे हार मानली हे हाताने थोपटून सांगण्याबद्दल, जे लिहिले आहे तेवढे राहू द्या.

माझी ओळख सांगायची तर मी माध्यमिक शाळेतली निवृत्त क्रीडाशिक्षिका. ज्युदो खेळले, पुढे शिकवला, अजूनही संध्याकाळी मुलामुलींना शिकवते. वडील पैलवान, त्यामुळे घरात जेवताना बोलणे डावपेचांचेच. मुलीच्या जातीला कुस्तीच्या हौद्यात उतरायची मुभा त्या काळी नव्हती. ज्युदोला मात्र गावात कुणी कुस्ती समजतच नव्हते. पांढरा झगा घालून काहीतरी कवायत करते, असा समज होता, आणि तो माझ्या चांगला पथ्यावर पडला. सांगायचे एवढेच, की मातीची बाजूही मी ऐकून-बघून जाणते आणि ज्युदोच्या गादीची बाजू तर माझी रोजची आहे.

आता मुद्द्याकडे येते. कुस्तीत कुणाचे काही दुखत नाही अशी पत्रलेखकांची समजूत दिसते. त्यांनी 'हप्ता' हा डाव भरलेला गडी एकदा हौद्याच्या कडेला बसून बघावा. बगलेखालून हात घालून पंजा मानेमागे येतो आणि मान छातीकडे दाबली जाते. दोन्ही बाजूंनी भरला तर खालच्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात. सवारी भरून कंबर पिळली की दणकट गडीसुद्धा विव्हळतो. हाच दुहेरी हप्ता आंतरराष्ट्रीय कुस्तीत 17 वर्षांखालच्या मुलांना लावायला मनाई आहे, आणि मोठ्यांनाही तो बाजूने आणि पाय न गुंतवताच लावावा लागतो. गळा दाबणे, बोटे पिरगाळणे, हात पाठीमागे नेऊन कोपर दुमडून दाबणे, पाठीचा कणा ताणणे या सगळ्याला त्या नियमपुस्तकात मनाई आहे. माणसे हे करत होती, म्हणूनच मनाई करावी लागली ना?

आणि हे सगळे परदेशी खूळ आहे म्हणाल, तर तसेही नाही. आपल्याकडे मल्लयुद्धाचे चार प्रकार परंपरेने सांगत आले आहेत. भीमसेनी ताकदीची, हनुमंती चपळाईची आणि डावांची, जांबुवंती पकडीत जखडून हार कबूल करायला लावणारी, आणि जरासंधी सांधे मोडणारी, गळा धरणारी. तालमीत पिढ्यान्‌पिढ्या नांदले ते भीमसेनी आणि हनुमंती. उरलेले दोन बाजूला पडले, आणि जरासंधी बाजूला पडली ते बरेच झाले. पण जांबुवंती म्हणजे तरी काय? आज ज्याला 'सबमिशन' म्हणतात, तेच की.

आपली कुस्ती आणि ज्युदो-जुजुत्सू या दोन घराण्यांत खरा फरक आहे तो कुस्ती कशावर निकाली होते याचा. आपल्याकडे पाठ लागली की संपले. मग ती एकेरी पटावर लागो, ढाकेवर लागो, नाहीतर कलाजंग डावावर. दुखवणे हे फार तर गड्याला फिरवण्याचे साधन; दुखण्यासाठी गुण नाही आणि दुखण्याने निकालही नाही. ज्युदोत पाठ जोरात आपटली तर निकाल लागतोच, शिवाय जमिनीवर 20 सेकंद दाबून धरले तरी लागतो, आणि गड्याने हार कबूल केली तरी लागतो. ब्राझिलियन जुजुत्सूत तर पाठ लागली म्हणून कुणी हरत नाही, उलट पाठीवर पडून खुशाल लढतात. आमच्या वडिलांना हे दाखवले असते तर त्यांनी टीव्ही बंद केला असता.

निकाल कशावर, यावरून जमिनीवर पडलेले शरीर काय करते हे ठरते. याचे सगळ्यात मोठे उदाहरण आपल्या गामा पैलवानाचेच आहे. 1910 साली गामा लंडनला गेला. अमेरिकेच्या डॉ. रोलरला त्याने पाडले आणि 10 सप्टेंबरला त्याची गाठ पोलंडच्या झिबिस्कोशी पडली. वजनाने झिबिस्को बराच भारी. गामाने त्याला सुरुवातीलाच खाली घेतले. त्यानंतर तो जो हातापायांवर, पोट जमिनीकडे करून, मॅटला घोरपडीसारखा चिकटला, तो अडीच तासांहून जास्त वेळ. गामा वरून ओढतो आहे, उलटवू पाहतो आहे, आणि हा पाठ द्यायला तयार नाही. शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवली. पुढच्या शनिवारी परत धरायचे ठरले, तर झिबिस्को आलाच नाही, आणि पट्टा गामाला मिळाला. पुढे 1928 मध्ये पतियाळात दोघे पुन्हा भिडले तेव्हा गामाने मिनिटाच्या आत त्याची पाठ लावली. आपल्याकडे ही गोष्ट गामाच्या मोठेपणासाठी सांगतात आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यातले ते अडीच तास मोलाचे वाटतात. पोटावर चिकटून राहणे हा तेव्हा बचाव होता, कारण गळ्याला हात घालून हार कबूल करायला लावण्याची वाट त्या कुस्तीच्या नियमांत नव्हती. हाच झिबिस्को आजच्या जुजुत्सूच्या गादीवर तसा पालथा पडला असता तर त्याचा गळा किती वेळ टिकला असता, हे माझ्या वर्गातली दहावीची मुलगीसुद्धा सांगेल.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. तालमीतून येणारी मुले माझ्या वर्गात पहिल्या महिन्यात जी फसतात, ती इथेच. खाली पडले रे पडले की क्षणात पोटावर फिरतात. पाठ लागू द्यायची नाही हे त्यांच्या हाडात मुरलेले असते. फिरले की मान मोकळी आणि मागे दुसऱ्याची छाती. वरचा गडी कंबरेला दोन्ही पाय अडकवतो, एक हात हनुवटीखाली सरकवतो, आणि हा बापडा अजून पाठ वाचवतोच आहे! गच्चीवर खाली होता तो पोरगाही तालमीत जाणारा होता, असे कळले. मला त्याचे जराही आश्चर्य वाटले नाही.

तो मागून घातलेला हात नेमके काय करतो, हे पालकांनी समजून घ्यायला हवे. आपल्या बोलण्यात सगळेच 'गळा दाबणे', पण त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एक, पुढून श्वासनळीवर दाब. त्यात गुदमरायला होते, खोकला येतो, भयंकर दुखते, आणि नळीच्या कूर्चेला इजा होऊ शकते. चांगला शिक्षक हे होऊ देत नाही. दुसरी, नीट लावलेली मागची पकड. यात कोपराची खोबण बरोबर हनुवटीखाली येते, म्हणजे श्वासनळीवर काही येत नाही. एका बाजूने दंड, दुसऱ्या बाजूने मनगटाकडचा हात, आणि मधोमध मान. दाब पडतो तो मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांवर. श्वास चालूच असतो. गडी बोलू शकतो. त्यामुळेच त्याला वाटते, अजून वेळ आहे. वेळ नसतो. पकड पक्की बसली की साधारण दहा सेकंदांच्या आत-बाहेर माणसाची शुद्ध जाते. कान बंद झाल्यासारखे होतात, नजर कडेने काळी पडत येते, आणि हात ढिला पडतो. कधी घोरल्यासारखा आवाज येतो. तत्क्षणी सोडले तर बहुतेक वेळा थोड्याच सेकंदांत डोळे उघडतात आणि पोरगा विचारतो, 'काय झालं?' त्याला काही आठवत नसते. सोडले नाही तर काय होईल, ते इथे लिहीत नाही. बेशुद्ध पडलेल्याला उठवून बसवू नये, तोंडावर पाणी मारू नये, कुशीवर निजवावे. आणि पटकन शुद्ध आली नाही तर कुणाची वाट न बघता दवाखाना गाठावा. शुद्ध आली तरी त्या दिवशी त्याला पुन्हा गादीवर उतरवायचे नाही, आणि डॉक्टरांना दाखवायचेच.

पायांनीही हेच करतात. आपण पाठीवर पडलेले, दुसरा वरून आलेला. त्याचा एक हात आत आणि एक बाहेर ठेवून मान दोन मांड्यांच्या त्रिकोणात घ्यायची. एका बाजूने आपली मांडी दाबते आणि दुसऱ्या बाजूने त्याचा स्वतःचाच खांदा. बारीक अंगाच्या मुली ही पकड फार सुरेख लावतात, कारण त्यात ताकदीपेक्षा लांब पाय आणि कोन महत्त्वाचा.

सांध्यांचे गणित निराळे. कोपराची पकड ज्युदोतली सगळ्यात नावाजलेली, आणि ज्युदोत सांध्यांपैकी फक्त कोपरालाच परवानगी आहे. पडलेल्या गड्याला आडवे होऊन त्याचा हात आपल्या दोन मांड्यांत घ्यायचा, मनगट छातीशी धरायचे, अंगठा आभाळाकडे करायचा. अंगठा वर म्हणजे कोपराचे टोक खाली. मग कंबर उचलायची, बस. हाताने ओढायचे काही कामच नाही. कोपर एका दिशेला दुमडते, उलट्या दिशेला ते जात नाही. कंबर आणखी दोन बोटे वर गेली की आतले अस्थिबंध बोलायला लागतात. इथे एक बरे असते की दुखणे आधी येते. दुखले की थाप द्यायला अवधी मिळतो. मागच्या गळ्याच्या पकडीत दुखणे जवळपास नसतेच आणि अवधीही नसतो, म्हणून मुलांना मी कोपर आधी आणि गळा खूप नंतर, अशा क्रमाने शिकवते. सगळेच शिक्षक असे करतात असे नाही. काही जण नेमके उलटे करतात, आणि त्यांची कारणेही ऐकण्यासारखी असतात. मी माझे सांगते आहे.

पायाच्या पकडींबद्दल मात्र माझे मत जुन्या वळणाचे आहे आणि ते बदलायची मला गरज वाटत नाही. टाच कोपराच्या खोबणीत अडकवून पिळली की तो पीळ वर गुडघ्यात जातो. गुडघ्याला बाजूचा पीळ सोसत नाही, आणि दुखायला लागते तोवर बऱ्याचदा आतला अस्थिबंध गेलेला असतो. ब्राझिलियन जुजुत्सूच्या सगळ्यात मोठ्या संघटनेनेसुद्धा ही पकड 2021 पर्यंत कुणालाच लावू दिली नव्हती. आता देते ती फक्त तपकिरी आणि काळ्या पट्ट्याच्या प्रौढांना, तेही गणवेशाशिवायच्या लढतीत. साम्बो या रशियन कुस्तीत गंमत उलटी. तिथे पायाच्या पकडी चालतात, पण खेळाच्या साम्बोत गळा चालत नाही. प्रत्येकाने आपापल्या अनुभवाने कुठेतरी रेघ मारलेली आहे. जपानमध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या ज्युदो स्पर्धांत गळ्याच्याही पकडी नाहीत आणि सांध्यांच्याही नाहीत. पुढच्या वयोगटातही सांधे बंदच. जो देश हा खेळ जगाला देतो, तो आपल्या पोरांच्या बाबतीत इतका सांभाळून असतो. आणि आमच्याकडे भाड्याच्या गाळ्यात, पत्र्याखाली, दोन इंच फोमवर पाचवीतल्या पोराला टाच पिळायला शिकवतात! अशी एक जागा मी स्वतः बघून आले आहे. 'सर' म्हणवणाऱ्या तरुणाच्या भिंतीवर प्रमाणपत्र होते, ते चार दिवसांच्या शिबिराचे. त्याला विचारले, पोरगा बेशुद्ध पडला तर काय कराल? म्हणाला, 'आजपर्यंत कधी पडला नाही, मॅडम.'

म्हणूनच पत्रलेखकांशी मी अर्ध्यापर्यंत सहमत आहे. बंद करायचेच तर असे गाळे बंद करा.

आता थापेबद्दल. या सगळ्या पकडी खेळ म्हणून टिकून आहेत त्या एकाच गोष्टीवर. पकडीत सापडलेल्याने दोनदा थाप दिली की वरच्याने त्याच क्षणी सोडायचे. पंचाने शिट्टी मारायची वाट बघायची नाही, 'खरंच दिलीस का' असे विचारायचे नाही. थाप शक्यतो दुसऱ्याच्या अंगावर द्यायची. गादीवर दिलेली थाप गोंगाटात कळत नाही, अंगावरची कळतेच. हात अडकले असतील तर पाय आपटायचा, नाहीतर तोंडाने ओरडायचे. आणि गळ्याची पकड पुरती बसायच्या आत, आपण सुटणार नाही हे कळल्याबरोबर द्यायची, कारण नंतर हात उचलेलच याचा भरवसा नसतो. माझ्याकडे नवा आलेला मुलगा सुरुवातीला डाव शिकत नाही. पडायचे कसे आणि थाप द्यायची कशी, एवढेच शिकतो. जोडीदार नुसता मनगट धरतो, हा थाप देतो, तो सोडतो. पुन्हा तेच. पोरांना कंटाळा येतो, आया दारातून विचारतात, 'अजून काही शिकवलं नाही का?' येऊ दे कंटाळा.

तालमीतल्या पोरांना हेच सगळ्यात जड जाते. त्यांना शिकवलेले असते की मेलो तरी चालेल, हार कबूल करायची नाही. मैदानात, पाठ वाचवताना, हा गुण सोन्याचा आहे. कोपर मांड्यांत अडकल्यावर तोच गुण हात सहा महिने गळ्यात बांधून ठेवतो. एक भरदार पोरगा होता. अंगात रग भरपूर, गावच्या जत्रेत कुस्त्या मारलेला. सरावात आमच्या एका मुलीने त्याचा हात धरला. धरला तो बरोबर धरला, हळूहळू कंबर उचलत नेली, दोनदा थांबून त्याच्याकडे बघितले. हा दात ओठ खाऊन गप्प. मुलीपुढे थाप कशी द्यायची, हा प्रश्न होता, दुसरा काही नाही. तिने शेवटी आपण होऊन सोडले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, 'बाई, ह्याला थाप शिकवा आधी, मी नाही ह्याच्याशी खेळत.' शाबासकी कुणाला द्यायची, हे मला विचारावे लागले नाही. त्या पोराला आठवडाभर मी तिच्याच हाताखाली ठेवले. आज तो उत्तम ज्युदो खेळतो, आणि तालमीतही जातो.

उलट बाजूही सांगते. थाप मिळाल्यावर क्षणभर जास्त धरणारे एक पोर प्रत्येक वर्गात असते. बहुतेक वेळा हुशार असते, पदके आणणारे असते. त्याची बॅग त्याच संध्याकाळी हातात द्यायची. पालक भेटायला येतात, ओळखीच्यांचे फोन येतात. येऊ देत.

या संदर्भात एक जगप्रसिद्ध लढत आहे. जपानचा मासाहिको किमुरा आणि ब्राझीलचा हेलियो ग्रेसी, 1951 सालच्या ऑक्टोबरमध्ये रिओच्या माराकाना स्टेडियमवर भिडले. हेलियो अंगाने बारीक, किमुरा त्याच्या पुढे डोंगर. किमुराने एका हाताने त्याचे मनगट धरले, दुसरा हात त्याच्या दंडावरून घालून आपलेच मनगट पकडले आणि सगळा हात पाठीमागे फिरवला. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या 'कॅच' नावाच्या कुस्तीतल्या गड्यांना ही पकड ठाऊक होती, ज्युदोतही जुनी. पण त्या दिवसापासून ब्राझीलवाले तिला किमुराच म्हणू लागले. हेलियोचा हात मोडला आणि तरी त्याने थाप दिली नाही. अखेर हार मानल्याची खूण म्हणून त्याच्या भावाच्या बाजूने टॉवेल आत आला. ब्राझीलमध्ये हे शौर्य म्हणून सांगतात, आणि आता मोबाईलमुळे आमची पोरेही तसेच सांगतात. हेलियो ग्रेसीबद्दल मला आदर आहे. अंगाने बारीक माणसाने मोठ्या गड्याला जमिनीवर कसे हाताळावे, याचा विचार त्याच्या घराण्याने जेवढा केला तेवढा क्वचित कुणी केला असेल. त्याच्याच मुलाने, रॉयसने, 1993 मध्ये डेन्व्हरला एका रात्रीत आपल्यापेक्षा भारी गड्यांना हार कबूल करायला लावली आणि जगाला या पकडींचे वेड लागले. पण मोडलेल्या हाताची ती गोष्ट मी वर्गात सांगते तेव्हा भावाचे कौतुक करते. टॉवेल टाकणारा शहाणा होता.

या पकडींच्या घराण्याचे मूळही बघा कुठे आहे. जिगोरो कानो या शिक्षकाने 1882 मध्ये तोक्योत ज्युदो सुरू केला. त्याने काय केले, तर जुन्या जुजुत्सूतले जीवघेणे डाव बाजूला काढून, पोरांना रोज पूर्ण ताकदीने खेळता येतील असेच डाव सरावाला ठेवले. त्याच्या शाळेतला माएदा ब्राझीलला गेला आणि तिथे ग्रेसी कुटुंबातला मुलगा त्याच्याकडे शिकला. म्हणजे ज्या पकडींना पत्रलेखक हातपाय मोडणे म्हणतात, त्या मुळात हातपाय मोडू नयेत म्हणून निवडून, नियम लावून ठेवलेल्या आहेत. नियम काढून घेतले की काय उरते, ते गच्चीवर दिसले.

आणि मोबाईल तर बंद होणार नाही. वर्ग बंद केले तर पोरे गच्चीवर, शेतात, होस्टेलच्या खोलीत करणार. तिथे थाप शिकवायला कोण बसले आहे?

मुलींबद्दल वेगळे लिहिले पाहिजे. शाळाशाळांतून 'स्वसंरक्षण' म्हणून तासाभराचे प्रात्यक्षिक होते. पाहुणे येतात, एक मुलगी दुसरीच्या मनगटाला धरते, ती झटका देऊन सोडवते, टाळ्या, फोटो, चहा. मी असे किती बघितले त्याला गणती नाही. धरणाऱ्या मुलीने खरेच घट्ट धरले तर प्रात्यक्षिक तिथेच फसते, म्हणून तिला आधीच सांगून ठेवलेले असते. एखादा जड माणूस छातीवर बसला तर श्वास कसा घ्यायचा, घाबरून पाठ कशी फिरवायची नाही, कंबर कशी सरकवायची, हे तासाभरात येत नाही. ते येते पकडी रोज सोसून. ज्या मुलीने संध्याकाळी गादीवर चार वेळा गळ्याला हात घालून घेतला आहे आणि त्यातून दोनदा सुटली आहे, ती गळ्यापाशी हात आला म्हणून गोठून जात नाही. पत्रलेखकांच्या सूचनेप्रमाणे पोरांना तालमीत पाठवू, ठीक. मुलींना कुठे पाठवता? कुस्ती मुलींची ऑलिंपिकमध्ये आली 2004 साली, ज्युदो 1992 पासून आहे. गावच्या तालमीत मुलींना जागा अजून किती ठिकाणी आहे, हे पत्रलेखकांनी आपल्याच गावात जाऊन बघावे.

लाल मातीचे मी काही कमी लेखत नाही, हे वेगळे सांगायला नको. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आमच्या घरात देवाच्या बरोबरीने होते. पण खाशाबांचे तरी काय झाले? मातीत वाढलेला हा गडी 1948 ला लंडनमध्ये मॅटवर उतरला, मॅटची सवय नाही, तरी सहावा आला. मग मॅटची कुस्ती शिकून घेतली आणि 1952 ला हेलसिंकीत कांस्य आणले. 'आमची माती सोडून मी दुसरे शिकणार नाही' असे म्हणाले असते तर ते पदक आले नसते. माती आणि गादी दोन्ही विभाग आज महाराष्ट्र केसरीत सुखाने नांदतात. शेजारी तिसरी एक गादी पडली म्हणून कुणाची लंगोट सुटत नाही.

क्रीडा खात्याकडे मागणे फार नाही. असा वर्ग चालवणाऱ्याकडे मान्यताप्राप्त संघटनेचे प्रशिक्षण आहे का, आणि प्रथमोपचार येतो का, हे वर्षातून एकदा कुणीतरी येऊन बघावे. कोणत्या वयाला कोणती पकड, याचा तक्ता दारावर लावायला सांगावे, म्हणजे पालकांना वाचता येईल. पालकांनीही फी विचारण्याआधी एक संध्याकाळ गादीच्या कडेला बसावे. पोरे थाप देतात का, आणि दिल्यावर लगेच सोडतात का, एवढेच बघावे. बाकी काही कळले नाही तरी चालेल. कुणी थाप दिल्यावर बाकीची पोरे हसत असतील, तर आपले पोर घेऊन घरी यावे.

शेवटी आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. जत्रेतल्या मैदानाचे वृत्त तुम्ही किती रसाने देता! अमक्याने तमक्याला पोकळ घिस्सा डावावर चीतपट केले, दुसरी कुस्ती घुटन्यावर, तिसरी एकचाकवर, सगळे कसे नावानिशी. वाचणाऱ्या पोराला कळते की ही विद्या आहे. जिल्हा ज्युदो स्पर्धेचे वृत्त मात्र पदकांची यादी आणि पाहुण्यांची नावे यावर संपते. निकाल कोणत्या पकडीवर लागला, किती वेळ दाबून धरले, थाप कुणी दिली, यातले एक अक्षर नाही. मग असल्या खेळाची बातमी येते ती थेट बेशुद्ध पडलेल्या पोराचीच, आणि वाचकांना तो गळे आवळण्याचा धंदा वाटला तर दोष कुणाला द्यायचा? पुढची जिल्हा स्पर्धा पावसाळा संपला की होईल. तुमच्या वार्ताहरांना दोन दिवस पाठवा. पंचांच्या टेबलाशेजारी मी असतेच, कोणती पकड कोणती ते लढत चालू असताना सांगत जाईन. येताना जाड वही आणायला सांगा.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
कराड तालुका, जि. सातारा
(नाव व पत्ता संपादकांकडे)